एकच आजार, पण एक पेशंट कुणालाच देत नाही आणि दुसरा अख्खा वाडा झोपवतो, असं का?

रानवाट
नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईच्या आत राहतो. काजूचा सीझन सुरू झालाय, आमची माणसं पहाटेच बोंडू वेचायला बागायतीत जातात आणि दरवर्षीसारखी आरोग्य खात्याची माणसं घरोघरी येऊन गेली. अंगाला लावायचं तेल दिलं, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, कळवा म्हणून सांगितलं. आमच्याकडे २०१५ साली पाळी गावात माकडताप आला तेव्हापासून हे सगळं पाठ आहे. यंदा आईने त्या मुलीला विचारलं, मला ताप आला तर नातवाला लागेल का? ती म्हणाली नाही आजी, माणसाकडून माणसाला होत नाही. आई लगेच म्हणते, माकडाकडून होतो तर माझ्याकडून का नाही? त्या बिचारीला पुढची पंधरा घरं करायची होती, ती हसून गेली.

पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कोविडमध्येही बघितलं, एका घरात नवरा पॉझिटिव्ह, बायको त्याच खोलीत झोपून निगेटिव्ह, आणि दुसरीकडे एका माणसाने सगळं ऑफिस आजारी पाडलं. व्हायरस तोच ना? मग फरक कसला, शरीराचा, वागण्याचा, की नशिबाचा? कुणी जाणकार असेल तर सविस्तर लिहा.

चवळी_उसळ
आईंचा प्रश्न एक नंबर. वाचतेय.

गोठा_डॉक्टर
मी गुरांचा डॉक्टर, डिचोली भागात. माकडतापाचं मी सांगतो.

हा व्हायरस राहतो गोचिडीत. गोचिडीची पिल्लं उंदीर, घुशी, पक्षी, माकडं यांचं रक्त पितात. माकडाला लागण झाली की त्याच्या रक्तात व्हायरस प्रचंड वाढतो, त्या दिवसांत त्याच्या अंगावर ज्या शेकडो गोचिड्या चिकटलेल्या असतात त्या सगळ्या व्हायरस घेऊन बसतात. माकड मेलं की त्या खाली उतरतात आणि तेवढ्याच जागेत साठतात, मग त्या झाडाखाली जो बसेल त्याला चावतात. मेलेल्या माकडाच्या जागेभोवती पावडर मारतात ती याच्यासाठी. शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राने तपास केला, तेव्हापासून ही साखळी माहीत आहे.

आता माणूस. आपल्या रक्तातही व्हायरस असतो, ताप जोराचा येतो, शंभरातले तीन ते पाच दगावतात. पण आपल्या अंगावर शेकडो गोचिड्या आठवडाभर रक्त पीत बसत नाहीत, चावलेली एखादी आपण ओढून काढतो. आणि खोकल्यातून वगैरे हा पसरत नाही. म्हणजे आजी आजारी पडली तरी तिच्याकडून पुढे जायला वाटच नाही. साखळी तिथे संपते.

गाईचं अजून वेगळं. मोठ्या गोचिड्या गाईवर पोसल्या जातात, त्यामुळे गोचिड्यांची संख्या वाढते, पण गाईच्या रक्तात व्हायरस फारसा वाढत नाही. म्हणजे माकड व्हायरस वाढवतं, गाय गोचीड वाढवते, आणि माणूस नुसता भोगतो. आजार किती होतो आणि आजार किती पसरवतो ही दोन खाती वेगळी आहेत, आईंना एवढंच सांगा.

रानवाट
देव बरें करूं डॉक्टर. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते मग गोठ्यातल्या गोचिड्यांचं पण बघायला पाहिजे, नुसत्या माकडाला दोष का.

गोठा_डॉक्टर
बरोबर म्हणतात. जंगलात चरून आलेल्या गुरांच्या अंगावरचे गोचीड बघून काढा, काढताना हातमोजे घाला, आणि औषध आमच्याकडून घ्या, दुकानातलं कुठलंही मारू नका.

म्हापशेकर
माकडाचं समजलं, पण माणसाचं इतकं गुंतागुंतीचं काही नाहीये असं माझं स्पष्ट मत आहे. पसरवणारे म्हणजे बेफिकीर लोक. ताप आहे तरी लग्नाला जाणार, खोकतोय तरी बाजारात उभा राहणार, तोंडावर हात धरायची अक्कल नाही. कोविडमध्ये मी स्वतः बघितलंय. शरीराचं वगैरे शोधत बसण्यापेक्षा अशा लोकांना चार शब्द सुनवा, निम्मी साथ तिथेच थांबेल.

पोदेराची_सायकल
आमच्या वाड्यावर एक काका शिंकले की तिन्ही घरांतले दिवे लागतात, त्यांचा नंबर पहिला लावा 😀

सिस्टर_बाय
म्हापशेकर, रागावू नका पण तुमचं अर्धंच खरं आहे. मी टीबीच्या पेशंटांत आयुष्य काढलंय, आता रिटायर आहे. बेफिकीर माणसं भरपूर बघितली ज्यांच्या घरात कुणालाच काही झालं नाही, आणि अतिशय काळजी घेणारी, ताट वेगळं, पेला वेगळा ठेवणारी बाई बघितली जिची तीन मुलं पॉझिटिव्ह निघाली. ताटवाटीने टीबी पसरत नाहीच, तो हवेतून पसरतो. ती बिचारी भांडी घासत राहिली आणि खोलीची खिडकी थंडी लागते म्हणून बंद.

शिकत असताना आम्हाला एक जुना प्रयोग सांगितला होता तो अजून आठवतो. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५०-६० च्या काळात टीबीच्या वॉर्डातली हवा पाइपातून छपरावरच्या पिंजऱ्यांत सोडली, पिंजऱ्यांत गिनीपिग. कुठल्या गिनीपिगला कुठल्या पेशंटच्या जंतूने गाठलं ते जंतूवर कुठलं औषध चालतं यावरून ओळखायचे. वॉर्डात कितीतरी पेशंट येऊन गेले पण बहुतेक गिनीपिग मूठभर पेशंटांमुळेच आजारी पडले. त्यातल्या एकट्याने पंधराएक जनावरांना दिला, त्याच्या घशात, स्वरयंत्रात टीबी होता. म्हणजे बोललं, खोकलं की जंतू थेट हवेत.

आम्हाला थुंकीच्या रिपोर्टवर एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस दिसायचं. तीन प्लसवाला म्हणजे थुंकीत जंतूच जंतू. लहान मुलांना टीबी झाला तर ती सहसा पसरवत नाहीत, थुंकीत जंतू कमी असतात आणि खोकण्यात जोर नसतो. आणि योग्य औषध सुरू झालं की पसरवणं भराभर कमी होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टेस्ट करा, सरकारीत फुकट आहे. आवाजही बसलाय आणि सुटत नाही तर अजून लवकर.

आकडेमोड
सिस्टर बाय, गिनीपिगचा प्रयोग इथे आणलात, फार बरं वाटलं. मी आकड्यांच्या बाजूने थोडं लिहितो, लांब होईल पण वाचा.

कोविडमध्ये आपण सगळे एक आकडा ऐकत होतो, एक पेशंट सरासरी दोन-तीन जणांना देतो. ही सरासरी खरी असली तरी फसवी आहे. दिवाळीत दमट फटाक्यांची माळ लावली तर बहुतेक फुसके निघतात आणि एखादाच असा फुटतो की सगळं अंगण हादरतं, तसं आहे हे. आंध्र आणि तमिळनाडूत २०२० मध्ये सुमारे ८५ हजार पेशंट आणि त्यांच्या पावणेसहा लाख संपर्कांचा अभ्यास झाला, जगातला तेव्हाचा सगळ्यात मोठ्यांपैकी एक, आपल्याच आरोग्यसेविकांनी घरोघर फिरून गोळा केलेली माहिती. त्यात ज्यांचे संपर्क शोधले त्यातल्या सत्तर टक्के पेशंटांकडून एकाही संपर्काला लागण झालेली सापडली नाही. म्हणजे रानवाट यांनी लिहिलेली निगेटिव्ह बायको हा अपवाद नाही, तोच नियम आहे.

२००५ मध्ये सार्स वगैरे आजारांवर एक मोठा अभ्यास आला होता, त्यात हाच मुद्दा होता की वीसएक टक्के लोक ऐंशीएक टक्के लागण करतात, काही आजारांत तर फरक याहून टोकाचा. अशा आजाराचं वैशिष्ट्य म्हणजे तो नवीन गावात आला की बहुतेक वेळा आपोआप विझतो. पण एखादा पेशंट चुकीच्या दिवशी चुकीच्या जागी गेला की एकदम स्फोट.

आता शरीराचा मुद्दा. लंडनमध्ये तरुण, निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम कोविडचा व्हायरस सोडला, सगळ्यांना सारखाच डोस, सारखाच व्हायरस. १८ जणांना लागण झाली. मग खोलीतली हवा, मास्क, दाराची कडी, सगळं तपासलं. हवेत जेवढा व्हायरस सापडला त्यातला ८६ टक्के फक्त दोघांकडून आलेला होता. दोघांकडून! आणि ते दोघे काही सगळ्यात जास्त आजारी नव्हते. म्हापशेकर, इथे बेफिकिरी कुठे आली? सगळे एकाच प्रकारच्या खोलीत बंद होते.

चवळी_उसळ
८६ टक्के दोघांकडून?? अंगावर काटा आला.

म्हापशेकर
मानलं. मग सरळ उपाय सांगतो, असे दोन आधीच शोधून काढा की. टेस्ट करा, ज्याच्यात जास्त त्याला बाजूला ठेवा, बाकीच्यांना कामधंदा करू द्या. अख्खं गाव बंद करायचं कारणच नाही.

आकडेमोड
ऐकायला छान आहे पण जमत नाही. तोच माणूस पुढच्या फ्लूमध्ये तसाच पसरवेल याचा काही भरवसा नाही. आणि एकाच आजारात तोच माणूस मंगळवारी भरपूर सोडतो आणि शनिवारी जवळपास काही नाही. कोविडमध्ये तो जोर लक्षणं सुरू होण्याच्या आसपासचे दोन-तीन दिवस. त्या दिवसांत तुम्ही घरी झोपून होतात की खच्चून भरलेल्या कदंब बसमध्ये, यावर सगळं ठरलं.

गोठा_डॉक्टर
जनावरांत मात्र थोडंफार शोधता येतं. स्कॉटलंडमध्ये गाईंच्या शेणातल्या एका घातक ई-कोलायवर खूप काम झालंय. कळपातल्या थोड्याच गाई शेणातून इतरांच्या हजारो पट जंतू सोडतात आणि बहुतेक प्रसार त्यांच्याकडून. गाय दिसायला ठणठणीत, दूध नीट, चारा नीट. जंतू तिच्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात चिकटून बसलेला असतो.

उंदरांवर स्टॅनफर्डला साल्मोनेला या पोटाच्या जंतूचा प्रयोग झाला तो याहून विचार करायला लावणारा. लागण झालेल्या उंदरांतले थोडे विष्ठेतून प्रचंड जंतू सोडत होते आणि तरी मजेत होते. सगळ्यांना अँटिबायोटिक दिलं तर पोटातले चांगले जंतू मेले आणि जे आधी कमी सोडत होते तेही भरपूर सोडायला लागले, पण ते आजारी पडले. पसरवणारे मात्र तसेच खाऊनपिऊन मस्त. म्हणजे त्यांचं शरीर जंतूशी लढायच्या ऐवजी त्याला सोसून घेतं. कोंबड्यांच्या शेडमध्ये विनाकारण अँटिबायोटिक घालणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. आणि आपण सर्दीला स्वतःच्या मनाने गोळ्या घेतो तेही त्यातच आलं.

वास्को_द_नाका
मी वास्कोचा. म्हापशेकर यांनी 'बाजूला ठेवा' म्हटलं म्हणून लिहावंसं वाटलं.

मे २०२० च्या सुरुवातीला गोवा ग्रीन झोन होता. सात केसेस आल्या होत्या, सातही जण बरे झाले होते. जूनच्या सुरुवातीला आमच्या वास्कोतला मांगोर हिल गोव्यातला पहिला कंटेन्मेंट झोन झाला. त्यानंतर काही महिने 'वास्कोचा' म्हटलं की लोक दोन पावलं मागे जायचे. माझ्या ओळखीच्या एका मुलाला म्हापशात भाड्याची खोली नाकारली, तो मांगोरला कधी गेलाही नव्हता. तिथे काय वेगळं होतं? छोट्या खोल्या, भिंतीला भिंत, रोज कामाला जाणारी माणसं. तिथल्या कुणाचं शरीर वेगळं नव्हतं आणि कुणी मुद्दाम पसरवलं नाही. तोच व्हायरस दोनापावलाच्या बंगल्यात शिरला असता तर वरच्या खोलीत आयसोलेट होऊन संपला असता.

म्हणून मला 'सुपरस्प्रेडर' असं माणसाला चिकटवणं आवडत नाही. जागेला म्हणा, प्रसंगाला म्हणा.

सिस्टर_बाय
वास्को, अगदी मनातलं बोललात. ताप असताना कामाला येणारी बाई बेफिकीर नसते हो, एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार कापतात म्हणून येते.

म्हापशेकर
पगाराचा मुद्दा मला पटला. माझ्या दुकानात तिघे आहेत, ताप असेल तर सुट्टी भरपगारी, हे मी आजपासून ठरवलं. पण माणसाची जबाबदारी शून्य असं मी म्हणणार नाही. ज्याला परवडतं आणि तरी जो आजारी असून पार्टीला जातो त्याला मी बोलणारच.

आकडेमोड
त्याला आम्हीही बोलू.

घुमट_शामेळ
जागेचा विषय निघालाच आहे तर माझी शंका. आमचा घुमट आरतीचा ग्रुप आहे, गणपतीच्या चवथीत रोज दहा-बारा घरं. छोटी माटोळीची खोली, वीस माणसं, दारं-खिडक्यांत पण माणसं, आणि खच्चून गाणं. दरवर्षी चवथ झाली की अर्धा ग्रुप खोकतो. आम्ही म्हणायचो नेवऱ्या आणि लाडू बाधले.

आकडेमोड
नेवऱ्या निर्दोष आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाच्या भागात १० मार्च २०२० ला एका कॉयरची, म्हणजे गाणाऱ्यांच्या ग्रुपची, प्रॅक्टिस झाली, अडीच तास, ६१ माणसं. त्यातला एक जण थोडा सर्दी झाल्यासारखा. नंतर ५३ जण आजारी पडले, काहींची टेस्ट झाली, काहींचं लक्षणांवरून धरलं, दोघं वारले. मोठ्याने गाताना-बोलताना तोंडातून बारीक थेंब कितीतरी जास्त बाहेर पडतात, आणि काही माणसं तर साधं बोलतानाही इतरांच्या दहा पट सोडतात, असं कॅलिफोर्नियात मोजून दाखवलंय. का सोडतात ते नीट उलगडलेलं नाही. पण अशा माणसाला लागण झाली, तो त्याचा जोराचा दिवस होता, आणि खोली बंद होती, की तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. एक जरी नसती तर कदाचित दोघा-तिघांना झालं असतं.

घुमट_शामेळ
म्हणजे अंगणात करायची.

पोदेराची_सायकल
भाद्रपदातल्या पावसात अंगणात, घुमटाचं कातडं ढिलं पडेल आणि तुमचे शामेळवाले भिजून वेगळेच आजारी पडतील.

घुमट_शामेळ
पडवीत तरी करू. पडवीला तीन बाजू मोकळ्या असतात, आमच्या म्हालगड्यांची घरं त्या बाबतीत शहाणी होती. आणि ज्याला सर्दी आहे त्याने घुमट वाजवायचं, गायचं नाही.

वास्को_द_नाका
अवांतर, पण आमचा दामोदर भजनी सप्ताह साथीतूनच सुरू झाला असं सांगतात, १८९९ साली. साथ थांबावी म्हणून जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणला आणि अखंड भजन सुरू झालं. आजीकडून ऐकलेलं.

चवळी_उसळ
किती सुंदर. आणि जुनं गोवें तर साथींनीच ओसाड पडलं ना? कॉलरा, मलेरिया. शेवटी राजधानी पणजीला आली १८४३ मध्ये.

कुळागर
मलेरियावरून आठवलं. मी बांधकामाच्या लाइनीत आहे. ऐंशीच्या दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात पणजीत बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या आणि मलेरिया वाढला. स्लॅबवर पाणी साठवून ठेवतो ना सिमेंट पिकायला, त्यात आणि उघड्या टाक्यांत अॅनोफिलिस स्टीफन्सी डास वाढतो. मग कामगारांचं हेल्थ कार्ड आलं, रक्त तपासल्याशिवाय साइटवर घ्यायचं नाही. तेव्हा कामगार वैतागायचे की आम्हाला ताप नाही तर सुई कशाला.

डॉक्टरने मला समजावलं होतं की लहानपणापासून मलेरिया असलेल्या भागात वाढलेल्या माणसाला वारंवार होऊन होऊन थोडी ताकद आलेली असते, रक्तात परजीवी असतो पण ताप नाही. तो रात्री उघड्यावर झोपतो, डास त्याला चावतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरला देतो. इंजिनिअर थंडीने कुडकुडतो. जो पसरवतो त्याला पत्ताच नाही. पण मी म्हणतो टाकीला झाकण नसणं ही कॉन्ट्रॅक्टरची चूक, आणि कामगाराला मच्छरदाणी दिली नाही तीही कॉन्ट्रॅक्टरचीच. आमच्या साइटवर मी दोन्ही करून घेतो, खर्च किरकोळ आहे.

चवळी_उसळ
डास काही माणसांना जास्त चावतात हे खरं का? माझ्या नवऱ्याला चावत नाहीत आणि मला फोडून काढतात.

आकडेमोड
खरं आहे. त्वचेवरून जी आम्लं बाहेर पडतात त्यांच्या प्रमाणावर बरंच अवलंबून असतं, २०२२ च्या एका अभ्यासात डेंग्यूच्या डासाला तीच माणसं वर्षं-वर्षं आवडत राहिली. गरोदर बायकांना मलेरियाचे डास जास्त चावतात हेही दिसलंय. म्हणजे ज्याला जास्त चावतात त्याला लागण व्हायची शक्यता जास्त आणि त्याच्याकडून पुढे जायचीही जास्त. तुम्ही मच्छरदाणी लावा, नवऱ्यालाही फायदा.

गोठा_डॉक्टर
कुत्र्यांचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो कारण गोव्याने त्यात खरंच नाव काढलंय. पिसाळलेला कुत्रा सरासरी एखाद्याच कुत्र्याला रोग देतो, बहुतेक कुणालाच देत नाहीत, कुठेतरी कोपऱ्यात मरतात. पण एखादा मैलोन्मैल धावत सुटतो आणि दिसेल त्याला चावतो. कुठला कुत्रा तसा निघणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून सत्तर टक्के कुत्र्यांना लस हाच मार्ग. गोव्यात जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरून वर्षानुवर्षं लस टोचली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. म्हापशेकर, 'ते दोन शोधा' याला माझं उत्तर हे आहे. सगळ्यांना थोडं थोडं संरक्षण द्या, मग तो एक निघाला तरी त्याला पुढे कुणी सापडत नाही.

म्हापशेकर
हे उत्तर मला सगळ्यात जास्त पटलं डॉक्टर.

आकडेमोड
एक पुरवणी. आधी शोधता येत नाही, पण नंतर मागे शोधता येतं. जपानने कोविडमध्ये हेच केलं. पेशंट सापडला की तो कुणाला देईल याच्याआधी, त्याला कुठून मिळाला ते शोधायचं, कारण ज्या जागेतून त्याला मिळाला तिथून अजून दहा जणांना मिळालेला असण्याची शक्यता मोठी. आणि लोकांना सांगितलं बंद जागा, गर्दीची जागा आणि जवळून बोलणं टाळा.

सिस्टर_बाय
आणि हॉस्पिटल ही तशीच जागा आहे हे विसरू नका. कोरियात २०१५ मध्ये मर्सचा एक पेशंट इमर्जन्सी वॉर्डात बेड मिळेपर्यंत दोन-तीन दिवस होता, एकट्याकडून ऐंशीच्या वर लोकांना गेला. केरळात २०१८ ला निपा आला तेव्हाही पहिला पेशंट तपासणीसाठी कॉरिडॉरमध्ये होता, तिथून कितीतरी जणांना झाला. त्याची सेवा केलेली पेरांब्राची नर्स लिनी पुथुसेरी गेली, दोन लहान मुलं मागे ठेवून. तिची आठवण काढल्याशिवाय मला या विषयावर लिहिता येत नाही. त्या पेशंटची चूक नव्हती, लिनीची तर नव्हतीच. खोकणाऱ्या माणसाला गर्दीच्या कॉरिडॉरमध्ये ताटकळत ठेवू नये, त्याला दारातच मास्क द्यावा, उघड्या जागेत बसवावं, यासाठी मी नोकरीभर भांडले आणि अजून भांडते.

बायणा_खाणावळ
मी नुसती वाचत होते पण आता विचारतेच. माझी छोटी खाणावळ आहे. माझ्याकडे स्वयंपाकाला जी आहे तिला मागच्या वर्षी टायफॉइड झाला होता, बरी झाली. मी कुठेतरी टायफॉइड मेरीचं वाचलं आणि तेव्हापासून धास्ती आहे. खरं आहे का ते?

आकडेमोड
खरं आहे. मेरी मॅलन, न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण होती. १९०६ च्या उन्हाळ्यात एका श्रीमंत घरात अकरातल्या सहा जणांना टायफॉइड झाला, तपास करत करत जॉर्ज सोपर नावाच्या माणसाने तिला गाठलं, ती स्वतः धडधाकट. १९०७ मध्ये बेटावर ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं, दुसरं काम धड मिळालं नाही, १९१५ मध्ये एका प्रसूती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नाव बदलून काम करताना सापडली, तिथे २५ जणांना झाला होता. मग १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावरच. जंतू सोडणारे तिच्यासारखे शेकडो लोक त्या शहराच्या नोंदीत होते, त्यांना असं जन्मभर कोंडलं नाही. ती गरीब होती, आयरिश होती, बाई होती आणि तिच्यामागे कुणी नव्हतं. स्वयंपाकाऐवजी पोट भरेल असं काम तिला कुणी दिलं असतं तर दुसरी साथ झालीच नसती असं मला मनापासून वाटतं.

सिस्टर_बाय
बायणा ताई, घाबरू नका. टायफॉइड झालेल्या शंभरातल्या दोन ते पाच जणांत जंतू पित्ताशयात दडून राहतो, पित्ताचे खडे असले तर जास्त, बायकांमध्ये थोडा जास्त. माणसाला काहीच त्रास नसतो पण शौचातून जंतू जात राहतात, तेही सलग नाही, अधूनमधून. म्हणून एक टेस्ट निगेटिव्ह आली तर पुरत नाही. डॉक्टरांना सांगून स्टूल कल्चर, म्हणजे शौचातल्या जंतूंची टेस्ट, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने तीनदा करून घ्या. पॉझिटिव्ह आलं तर कल्चरवर कुठलं औषध चालतं ते बघून डॉक्टर लांबलेला कोर्स देतात, खडे असतील तर त्याचंही बघतात, आता मेरीचा काळ नाही. तोवर तिला न शिजवता वाढायच्या गोष्टींपासून लांब ठेवा, म्हणजे कोशिंबीर, सोलकढी, कापलेली फळं. साबण, वाहतं पाणी आणि नखं कापलेली हे सगळ्यांनाच लागू, तिला एकटीला वेगळं सांगून लाजवू नका.

बायणा_खाणावळ
धन्यवाद सिस्टर. ती माझ्याकडे किती वर्षं आहे, तिला काढायचा विचार मनातही नव्हता, पण विचारायला पण भीती वाटत होती की तिला काय वाटेल. सोमवारी आमची खाणावळ बंद असते, तिला घेऊन जाते आणि मी पण माझी टेस्ट करून घेते, म्हणजे ती एकटी पडणार नाही. रिपोर्ट येईपर्यंत ती चुलीवरचं बघेल, हुमण तिच्याच हातचं लागतं गिऱ्हाइकांना, सोलकढी मी करेन. पगार आहे तोच. लेबर कार्ड असेल तर टेस्ट फुकट होते का, की पैसे लागतात? कुणाला माहीत असेल तर सांगा.

सिस्टर_बाय
जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात आधी जा आणि खाणावळीत काम करते हे स्पष्ट सांगा. जाताना तिच्या मागच्या वर्षीच्या आजाराचे कागद असतील तर घेऊन जा. आणि घरी तिच्याबरोबर कोण कोण राहतं तेही विचारून ठेवा, तिथे कुणाला ताप येऊन गेलाय का ते डॉक्टर विचारतील.